दोन देशांची वेळ दाखवणारं घड्याळ घेताय? आधी आतलं मशीन विचारा

दोन ठिकाणच्या वेळा दाखवणाऱ्या, म्हणजे बाजारात ‘जीएमटी’ म्हणतात त्या, मनगटी घड्याळांबद्दल वाचकांचे जे प्रश्न येतात, ते थोड्याफार फरकाने सारखेच असतात. निळ्या-लाल कड्याचं घड्याळ मनात भरलेलं असतं. मुलगी अमेरिकेत असते, नाहीतर स्वतःची नोकरी परदेशी कंपनीच्या वेळेने चालत असते. दुकानदार ‘जपानी मशीन आहे, डोळे झाकून घ्या’ म्हणतो. ऑनलाइन विक्रेता ‘स्विस क्लोन’ म्हणून दुप्पट भाव लावतो. कोणी जाणकार भाचा ‘घ्यायचं तर ट्रू जीएमटीच घ्या’ असं बजावतो. तबकडीवरून सगळी घड्याळं जवळजवळ सारखीच दिसतात. फरक आत असतो आणि निर्णयही आतलं पाहूनच करायचा असतो.

घड्याळ दुरुस्त करणारे त्याला ‘मशीन’ म्हणतात, जाहिरातीत ‘मूव्हमेंट’ लिहितात. आपण मशीनच म्हणू.

आधी फर्स्ट कॉपीचा प्रश्न

हा प्रश्न बहुतेकजण पत्राच्या शेवटी, जरा संकोचून विचारतात: ‘फर्स्ट कॉपी घेऊन तिच्यात चांगलं मशीन बसवून मिळेल का?’ बसवणारे भेटतील. तरी तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, असंच मी सांगेन.

दुसऱ्या कंपनीचं नाव आणि चिन्ह छापलेला माल विकणं हा ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ खाली गुन्हा आहे. त्याला किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे. तो धाक विक्रेत्याला असला, तरी त्याचा भार शेवटी ग्राहकावर येतो. असा विक्रेता खरं बिल देत नाही. बिल नसलं की वॉरंटी नाही, तक्रारही जवळजवळ अशक्य. कंपनीचं सर्व्हिस सेंटर ते घड्याळ हातात घेणार नाही. पुढे विकायला काढलंत, तर कायद्याच्या कचाट्यात तुम्हीच.

शिवाय व्यवहार म्हणूनही हा सौदा वाईट आहे. नकली घड्याळात पैसा जातो तो चिन्ह, कडं आणि काच हुबेहूब दिसण्यात. मशीनच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. अनेक नकला साध्या तीन काट्यांच्या मशीनवर जादा चाकं चढवून दुसरी वेळ दाखवणारा चौथा काटा फिरवतात. ती चाकं बिघडली की कोणत्याही घड्याळजीकडे त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. ‘7ए’, ‘मास्टर कॉपी’ ही नावं विक्रेत्यांनी ठेवलेली आहेत. त्यामागे कुठलंही प्रमाणपत्र नसतं.

त्याच धाटणीचं, पण तबकडीवर स्वतःचं नाव घालणारं घड्याळ मात्र उघडपणे आणि बिलासह मिळतं. त्याला बाजारात ‘होमेज’ म्हणतात. निळं-लाल कडं ही आज कुणा एकाची मिरास राहिलेली नाही. या लेखात पुढे जे आहे, ते अशा आणि नामांकित कंपन्यांच्या अस्सल घड्याळांबद्दल आहे.

मशीनच्या तीन जाती

चौथा काटा, म्हणजे दिवसात एकदाच फेरी मारणारा २४ तासांचा काटा, सगळ्यांनाच असतो. तो कोण हलवतं आणि कसा, यावर जात ठरते.

- बांधलेला काटा. २४ तासांचा काटा तासकाट्याला कायमचा जोडलेला असतो, वेगळा हलतच नाही. दुसरी वेळ वाचायची तर बाहेरचं कडं, म्हणजे बेझल, फिरवायचं. रोलेक्सने १९५५ मध्ये पॅन अ‍ॅम कंपनीच्या वैमानिकांसाठी आणलेलं पहिलं जीएमटी-मास्टर असंच होतं. तेव्हा जात म्हणून ही कमी नाही. पण कडं फिरत नसेल आणि काटाही बांधलेला असेल, तर ते दोन वेळांचं घड्याळ नव्हे. तो काटा फक्त दिवस आहे की रात्र एवढंच सांगतो. स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांतल्या ‘२४’ लिहिलेल्या छोट्या तबकड्या बऱ्याचदा याच प्रकारच्या असतात.
- कॉलर जीएमटी. २४ तासांचा काटा चावीने एकेक तास उडी मारत वेगळा हलतो. मुख्य काटे तुमच्या गावच्या वेळेवर राहतात. घरी बसून परदेशी फोन करणाऱ्यासाठी हा प्रकार आहे.
- फ्लायर जीएमटी, ज्याला ‘ट्रू’ म्हणून मिरवतात. यात मुख्य तासकाटाच एकेक तास पुढे-मागे उडतो, मिनिट आणि सेकंद काटे चालूच राहतात. विमानातून उतरलं की तासकाटा नव्या देशात न्यायचा. २४ तासांचा काटा घरची वेळ दाखवत राहतो. तासकाटा मध्यरात्र ओलांडून नेला की तारीखही पुढे-मागे होते.

दुकानात ओळखायचं कसं? स्क्रूची चावी असेल तर सोडवा, पहिल्या टप्प्यापर्यंत ओढा आणि दोन्ही बाजूंनी फिरवून पाहा. चौथा काटा एकटा उडाला तर कॉलर. तासकाटा उडाला तर फ्लायर. तारखेशिवाय काहीच हललं नाही तर बांधलेला. दुकानदाराला विचारण्यापेक्षा हे लवकर होतं, आणि दुकानदाराला पुष्कळदा माहीतही नसतं.

‘ट्रू’ शब्दाला भुलू नका. दोन्ही जाती खऱ्याच आहेत. फ्लायरमध्ये एक गैरसोयही आहे. तारीख लवकर बदलायची वेगळी सोय बहुतेकांत नसते. घड्याळ आठवडाभर बंद पडलं तर तासकाटा गरगर फिरवत तारखेपर्यंत यावं लागतं. महागडी घड्याळं पेटीत ठेवून सणावारी घालणाऱ्यांना हा ताप होतो.

आपला अर्धा तास

परदेशी परीक्षणांत जी गोष्ट तुम्हाला सहसा सापडणार नाही, ती हीच. आणि आपल्यासाठी तीच सगळ्यांत मोठी आहे.

भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. जगातले बहुतेक देश पूर्ण तासांच्या फरकावर आहेत. म्हणून भारतातून पाहिलं तर जवळजवळ सगळीकडचा फरक साडेनी येतो:

- दुबई दीड तास मागे
- सिंगापूर अडीच तास पुढे
- टोकियो साडेतीन तास पुढे
- लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार
- न्यूयॉर्क, न्यू जर्सी हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ
- कॅलिफोर्निया हिवाळ्यात साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा

कॉलर असो वा फ्लायर, काटा उडी मारतो ती पूर्ण एक तासाची. म्हणजे मुख्य काटे पुण्याच्या वेळेवर ठेवून चौथा काटा लंडनवर नेमका लावताच येत नाही. अर्धा तास तुटतोच. भारताबरोबर पूर्ण तासाच्या फरकाची ठिकाणं आहेत काबूल, तेहरान, यांगून, अ‍ॅडलेड अशी मोजकीच. तुमचे नातलग तिथे असतील तर पुढचा भाग सोडून द्या.

गंमत अशी, की हिवाळ्यातली लंडनची वेळ पाहायला साधं दोन काट्यांचं घड्याळ पुरतं. आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले असताना मनगटावरचं घड्याळ उलटं धरून पाहा. नऊ वाजल्यासारखे दिसतील. तासकाटा साडेआठापाशी रेंगाळेल, पण वेळ बरोबर आहे.

रोजच्या वापरासाठी मात्र यावर तीन उपाय आहेत.

पहिला, कड्याचा. चौथ्या काट्याला उड्या मारून जवळच्या पूर्ण तासापर्यंत न्या, आणि राहिलेला अर्धा तास कडं फिरवून मिळवा. समजा, आपले संध्याकाळचे साडेसहा झाले आहेत आणि उन्हाळ्याचे दिवस आहेत. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजले असणार. चौथा काटा नऊ तास मागे न्या, तो साडेनवावर येईल. मग कडं अर्ध्या घराने उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, सरकवा. आता काटा कड्यावरच्या ९ वर आला. सिंगापूरसारखं पुढचं गाव असेल तरी रीत तीच: काटा तीन तास पुढे आणि कडं अर्धं घर उजवीकडे. एकदा असं सरकवलं की कड्याला हात लावायचा नाही. ऋतू बदलला तर फक्त काट्याची एक उडी. वाचताना तास कड्यावरून घ्यायचा आणि मिनिटकाट्यात तीस मिळवायचे.

इथे कड्याची जात आड येते. २४ तासांच्या कड्यावर अर्धा तास म्हणजे साडेसात अंश.

- २४ टक्‍टकींचं कडं पूर्ण तासावरच थांबतं. रोलेक्सचं जीएमटी-मास्टर-२ असंच आहे. अर्धा तास जमत नाही.
- ४८ टक्‍टकींचं कडं अर्ध्या तासावर बरोबर बसतं. ट्यूडरच्या ब्लॅक बे जीएमटीचं असं आहे.
- टक्‍टक न करणारं, घट्ट पण मोकळं फिरणारं कडं हवं तिथे थांबतं. सेइको ५ स्पोर्ट्‌सच्या काही जीएमटी घड्याळांत ते मिळतं.
- १२० टक्‍टकींचं, पाणबुड्यांच्या घड्याळावरून उचललेलं कडं बारा-बारा मिनिटांनी सरकतं. त्यात अर्धा तास येत नाही. स्वस्त होमेज घेताना हे हमखास तपासा.

लाखांच्या घड्याळाला जे जमत नाही ते त्याच्या मानाने फार स्वस्त घड्याळाला जमतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरा, घड्याळजीचा. चांगल्या कारागिराकडे चौथा काटा काढून अर्धा तास सरकवून पुन्हा दाबून बसवता येतो. मग मुख्य काटे बरोबर तासावर असताना चौथा काटा दोन खुणांच्या मधोमध उभा राहतो, आणि पुढची प्रत्येक उडी साडेनी फरकावर पडते. कडं नसलेल्या घड्याळांना हाच मार्ग. मात्र घड्याळ उघडलं की कंपनीची वॉरंटी बहुधा जाते, आणि पाण्यापासूनचं संरक्षण पुन्हा तपासून घ्यावं लागतं. नव्या घड्याळावर हा उद्योग वॉरंटी संपल्यावर करा.

तिसरा, मशीनच वेगळं घेण्याचा. एका डबीत दोन स्वतंत्र क्वार्ट्झ मशीनं असलेली घड्याळं मिळतात. दोन्हींना आपापला मिनिटकाटा असतो. काटे आणि आकडे दोन्ही दाखवणाऱ्या कॅसिओसारख्या घड्याळांत शहर निवडलं की अर्धा तास आपोआप धरला जातो. निव्वळ सोयीचा विचार केला तर याच्यापुढे कुठलंच ऑटोमॅटिक टिकत नाही. नेपाळचा पाऊण तासाचा हिशेबही बिनबोभाट होतो.

आता फ्लायरचं काय होतं ते पाहा. त्याची सगळी मजा ही, की मिनिटकाट्याला हात न लावता नव्या देशात जाता येतं. पण मुंबईहून दुबईला उतरलात तर दीड तास मागे जायचं असतं. तासाची उडी एकच घेता येते, उरलेल्या अर्ध्या तासासाठी मिनिटकाटा फिरवावाच लागतो. तो फिरवला की त्याच्यासोबत २४ तासांचा काटाही अर्धा तास सरकतो आणि घरची वेळ बिघडते. ज्यासाठी जादा पैसे मोजले ती सोय मुंबईच्या विमानतळावरच संपते. दुबईत राहून लंडन-सिंगापूर करणाऱ्या, किंवा अमेरिकेत या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मराठी माणसाला मात्र फ्लायर खरोखर कामाचं आहे.

तुमचा उपयोग कोणता?

- भारतात राहता, मुलं परदेशात. कॉलर मशीन आणि मोकळं किंवा ४८ टक्‍टकींचं कडं. हौस नसेल, गरजच असेल, तर क्वार्ट्झ किंवा आकडे दाखवणारं.
- आयटीत किंवा कॉल सेंटरमध्ये, परदेशी वेळेच्या पाळीत काम. वरचंच उत्तर. अमेरिका आणि युरोप एकाच दिवशी घड्याळं बदलत नाहीत, हे ध्यानात असू द्या. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदल होतो. ब्रिटन-युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत दोन्हीकडच्या मीटिंगा असणाऱ्यांची तारांबळ उडते.
- मर्चंट नेव्ही, विमानसेवा. चौथा काटा कायम जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर, ठेवायचा असतो आणि जहाजाची घड्याळं बहुधा एकेक तासाने सरकतात. इथे फ्लायरचा पैसा वसूल होतो.
- वर्षातून एकदा परदेशवारी. मोबाइल आपोआप वेळ बदलतो. घड्याळ दिसायला आवडलं म्हणून घ्या. मशीनच्या जातीवर जादा खर्च करू नका.

बाजारात भेटणारी मशीनं

क्वार्ट्झ. सेलवर चालणारी. स्विस कंपनीचं रोंडा ५१५.२४एच हे यातलं प्रसिद्ध नाव. महिन्याला मागे-पुढे दहा-वीस सेकंदांचा फरक, म्हणजे कुठल्याही ऑटोमॅटिकपेक्षा किती तरी अचूक. डबी पातळ बसते. सेल गावातला कोणीही बदलून देतो. जाणकारांत क्वार्ट्झला नाक मुरडायची पद्धत आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नका. एकच घड्याळ घेणार असाल आणि रोज वापरणार नसाल, तर क्वार्ट्झसारखं शहाणपणाचं काही नाही.

सेइको एनएच३४. २०२२ मध्ये सेइकोने आपल्या ५ स्पोर्ट्‌स मालिकेत ४आर३४ या नावाने कॉलर जीएमटी मशीन आणलं. तेच एनएच३४ म्हणून इतर कंपन्यांनाही विकलं जातं, आणि आज परवडणाऱ्या जीएमटी घड्याळांत तेच सगळ्यांत जास्त दिसतं. चावी देता येते, चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो, पूर्ण चावीवर सुमारे ४१ तास चालतं. पहिल्या टप्प्यावर चावी एका बाजूने फिरवली की तारीख, दुसऱ्या बाजूने चौथा काटा. अचूकतेची कंपनीची हमी ढिली आहे: दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे. प्रत्यक्षात बहुतेक याहून बरी चालतात, पण मिनिटभर पुढे गेलं म्हणून दर आठवड्याला दुकानात जाऊ नका. त्याची खरी ताकद दुरुस्तीत आहे. एनएच३५ या सर्वत्र मिळणाऱ्या मशीनच्या कुटुंबातलं असल्याने घड्याळजींना ते ओळखीचं आहे. मोठा बिघाड झाला तर दुरुस्तीपेक्षा अख्खं मशीन बदलणं स्वस्त पडू शकतं.

मियोटा ९०७५. सिटिझनच्या या शाखेने फ्लायर जीएमटी मध्यम किमतीच्या घड्याळांत आणलं, हे मोठंच काम झालं. सेकंदाला आठ ठोके, म्हणून सेकंदकाटा एनएच३४ पेक्षा सफाईने सरकतो. दिवसाला दहा मागे ते तीस पुढे ही हमी, चावी सुमारे ४२ तासांची. फ्लायर हवंच असेल आणि स्विस किंमत द्यायची नसेल, तर हेच घ्या. दुरुस्तीसाठी मोठ्या शहरातला कारागीर शोधावा लागेल.

ईटीए २८९३-२ आणि सेलिटा एसडब्ल्यू३३०. दोन्ही स्विस, दोन्ही कॉलर. ईटीए स्वॉच समूहाची. त्यांनी बाहेरच्या कंपन्यांचा पुरवठा आखडता घेतला, म्हणून नव्या घड्याळांत जास्त करून सेलिटा दिसतं. एसडब्ल्यू३३०-२ ची चावी सुमारे ५६ तास टिकते, म्हणजे शनिवारी काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळी चालू असतं. मशीन पातळ आहे आणि नीट लावलं तर उत्तम वेळ दाखवतं. मात्र सर्व्हिसिंगचा खर्च जपानी मशीनच्या काही पट येऊ शकतो, तो आधी विचारून घ्या.

चिनी मशीनं. डीजी३८०४ आणि तत्सम. काही वर्षानुवर्षं चालतात, काही पहिल्या महिन्यात चौथा काटा सैल सोडतात. सुटे भाग आपल्याकडे मिळत नाहीत. किंमत इतकी कमी असेल की बंद पडल्यावर हळहळ वाटणार नाही, तरच घ्या.

‘स्विस क्लोन’ म्हणजे चिनी मशीन, एवढंच समजा. तबकडीवर ‘स्विस मेड’ लिहायचं तर मशीन स्विस असावं लागतं, जुळणी आणि अंतिम तपासणी स्वित्झर्लंडमध्ये व्हावी लागते, आणि २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथला असावा लागतो. क्लोनला यातलं काहीच लागू नाही. ‘२४ ज्वेल’, ‘२६ ज्वेल’ या आकड्यांवरूनही भाव ठरवू नका. घर्षणाच्या जागी जितके खडे लागतात तितके लागतात. दोन जास्त म्हणजे दोन पट चांगलं असं नसतं.

स्वतः जुळवून घेणार असाल तर

डबी, तबकडी, काटे वेगवेगळे मागवून एनएच३४ वर घड्याळ जुळवून घेणाऱ्या हौशी मंडळींची संख्या वाढते आहे. त्यांच्यासाठी थोडक्यात:

- चार काट्यांचा मनोरा तीन काट्यांपेक्षा उंच असतो. एनएच३५ साठी केलेल्या डबीत काच काट्याला घासू शकते. विक्रेत्याकडून ‘एनएच३४ बसतं’ असं लिहून घ्या.
- काटे जीएमटीचे म्हणूनच घ्या. साध्या संचात चौथा काटा नसतो आणि दुसऱ्या मशीनच्या काट्याचं भोक जुळत नाही.
- तारखेची खिडकी आणि चावीची जागा डबीशी जुळते का, हे पैसे देण्याआधी पाहा.
- दुसऱ्या कंपनीचं चिन्ह असलेली तबकडी घेऊ नका. तसं जुळवून विकलेलं घड्याळ नकलीच धरलं जाईल.

काउंटरवर तपासायच्या गोष्टी

बरोबर बारा वाजवून पाहा. २४ तासांचा काटा खुणेवर नेमका यायला हवा; तो जरा इकडेतिकडे उभा असेल तर काटा चुकीचा बसवलाय किंवा चाकांत ढिलाई आहे. मग, कॉलर असेल तर, त्याला एकेक तास उडवत पूर्ण फेरी मारा आणि प्रत्येक खुणेवर तसाच बसतो का ते बघा. घड्याळ हलकेच हलवल्यावर चौथा काटा थरथरला, तर ते परत ठेवा.

तारीख मध्यरात्रीच बदलते की दुपारी बारालाच, हे काटे पूर्ण फिरवून पाहा. कॉलर मशीनमध्ये रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत चावीने तारीख बदलू नका. त्या वेळी तारखेची चाकं गुंतलेली असतात आणि दात तुटू शकतात. दुकानात तारीख लावून देताना विक्रेते हे सर्रास विसरतात. काटे आधी सहावर आणून मगच लावायला सांगा.

बिल, वॉरंटी आणि तुमचा हक्क

बिलावर घड्याळाचा मॉडेल क्रमांक असतोच. मशीनचं नाव लिहून द्यायला सांगा: ‘एनएच३४’, ‘मियोटा ९०७५’, जे असेल ते. ‘जपानी ऑटोमॅटिक’ या शब्दांना पुढे तक्रारीत काही वजन राहत नाही. नाव लिहिलेलं असेल आणि आत वेगळंच निघालं, तर तो सरळ खोट्या वर्णनाचा मामला होतो.

- आयात घड्याळाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि मूळ देश छापलेला हवा. नसेल तर वॉरंटी कोण पाळणार, हा प्रश्न तिथेच विचारा.
- ऑनलाइन घेतलंत आणि वस्तू सदोष, नकली किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी निघाली, तर ती परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० तसं सांगतात. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.
- घड्याळ उघडतानाचा व्हिडिओ आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. विक्रेते नंतर जाहिरातीतली ओळ बदलतात.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.
- परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवलं तर सीमाशुल्क तुमच्या माथी येतं, आणि तिथल्या विक्रेत्याला इथल्या आयोगापुढे उभं करणं व्यवहारात कठीण जातं. स्वस्त दिसणाऱ्या किमतीत हा धोका मिळवून मगच तुलना करा.

वॉरंटी देणारं सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे की घड्याळ कुरिअरने मुंबई-बंगळूरला जाणार, हेही खरेदीआधी विचारा. यांत्रिक घड्याळाला साधारण पाचेक वर्षांनी तेलपाणी लागतंच.

भारतात राहणाऱ्या बहुतेक वाचकांसाठी माझा कौल स्पष्ट आहे: हौस असेल तर एनएच३४ आणि अर्ध्या तासावर थांबणारं कडं, नुसती गरज असेल तर क्वार्ट्झ. दुकानात गेलात की आधी चावी ओढून पाहा, मग कडं अर्धं घर सरकवून पाहा, आणि बिलावर मशीनचं नाव आल्याशिवाय पैसे देऊ नका.